झोळीवाला म्हातारा

शेजारच्या, रोज भेटणाऱ्या, चांगल्या जिवंत माणसाचा पुतळा मी माझ्या हातांनी शिवला, त्याला नाक-डोळे काढले, आळीच्या तोंडाशी खुर्चीत बसवला, आणि तो कुणाचा आहे हे अख्ख्या आळीत फक्त मला कळलं नाही. हा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणार नाही. नात हे सगळं टाइप करून देते. ती म्हणाली, आजी, मोठं होण्याच्या गोष्टी लहानपणापासून सुरू होतात. मी म्हटलं, लहानपणी आणि लग्नानंतर मी फक्त उंच झाले आणि मग जाड झाले. मोठी झाले ती साठी उलटल्यावर, आणि तेही एका सिनेमामुळे. सिनेमाचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की आमच्या घरात जेवणाच्या ताटावर पुन्हा भांडण सुरू होईल, आणि आता भांडायला माझ्या तोंडात पुरेसे दात उरलेले नाहीत.

आमचं घर भुईगावात, वाडीच्या मधोमध. वाडी म्हणजे केळी, नारळ, कडेला मोगरा आणि मागच्या बाजूला सासऱ्यांनी लावलेल्या पानवेली. पलीकडे फिलोमिनाची वाडी. मी तिला फिलू म्हणायची, ती मला नलूबाय. मधे अडुळशाचं कुंपण, आणि कुंपण संपतं तिथे दोन्ही घरांचं मिळून एक बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं, वाडवडिलांनी खणलेलं. त्यावर आमच्या वाड्या जगल्या. एक दिवस पाणी आमचं, एक दिवस त्यांचं. पहाटे कुठल्या बाजूचं इंजिन फटफटतंय ते अंथरुणातून ऐकून मी वार ओळखायची. त्यांच्या पाळीच्या दिवशी इंजिन चालू करायला फिलूचा नवरा यायचा, इनास मास्तर. गावच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेला उंच, वाकलेला माणूस. जाड काचांचा चष्मा, उन्हापावसात काखेत काळी छत्री आणि खांद्याला कापडी झोळी. झोळीशिवाय मास्तर मी पाहिलेला नाही. इंजिनाला दोरी ओढतानासुद्धा ती पाठीवर लोंबत असायची. माझा नवरा गेला त्या वर्षी आमच्या पाळीचंही इंजिन तोच चालू करून द्यायचा, न सांगता. मुलगा विनय तेव्हा नोकरीवर असायचा आणि मला दोरी ओढता येत नव्हती.

त्या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा नातीने तिकिटं काढली आणि आम्हा दोघी म्हाताऱ्यांना रिक्षात घालून थेटरात नेलं. आम्ही पदराखाली सुकेळी लपवून नेली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात गुंडाळलेली आमच्याकडची सुकेळी एकदा तोंडात टाकली की मध्यंतरापर्यंत पुरते. सिनेमात खाडीकाठचं एक गाव, गावचं तळं बुजवायला आलेली कंपनी, आणि हातात वल्हं घेऊन उभा राहणारा एक नावाडी. तो कंपनीच्या साहेबाला कोटासकट तळ्यात टाकतो आणि वरून विचारतो, 'आंघोळ झाली का, साहेब?' फिलूने माझ्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की दोन दिवस निळं होतं. घरी येताना रिक्षात आम्ही दोघी पोरींसारख्या बोलत होतो. तो सिनेमा आम्ही तीनदा पाहिला, आणि पुढे मोबाइलवर किती वेळा ते माझं मलाच माहीत. मी कपाटाच्या आतल्या बाजूला त्या नावाड्याचं चित्र चिकटवलं होतं. सासरी आल्यावर जिथे देवाची तसबीर लावायला मला लाज वाटली होती, तिथे त्रेसष्टाव्या वर्षी हा वल्हेवाला. फिलूने तेवढं केलं नाही, पण पाण्याच्या पाळीला कुंपणापलीकडून ओरडायची, 'आंघोळ झाली का, साहेब?' मी म्हणायची, पाणी सोड आधी.

तेव्हा आळीत सगळेच त्याचे भक्त होते. हिंदू पोरं, ख्रिस्ती पोरं, सगळ्यांचा मिळून मोबाइलवर एक ग्रुप होता, आणि वयाचा मान म्हणून त्यात मलाही घेतलं होतं. मी त्यात रोज सकाळी वल्हेवाल्याचं एक चित्र टाकायची आणि स्वतःला फार तरुण समजायची. आता आठवलं की वाटतं, त्या बाईला कुणीतरी हाताला धरून मोगरा खुडायला बसवायला हवं होतं.

दुसऱ्या भागात वल्हेवाला मंत्री झाला. वल्हं भिंतीवर गेलं, अंगात पांढरा शर्ट आला, आणि तोच आता गावात बंदर आणि रस्ता आणायला निघाला. त्याला आडवा येतो तो गावातलाच एक म्हातारा: चष्मा, छत्री, खांद्याला झोळी, तळं बुजवू नका म्हणत लोकांच्या सह्या घेत फिरणारा. शेवटी वल्हेवाला त्याला भर सभेत म्हणतो, 'झोळी उलटी कर.' म्हातारा करत नाही. मग तोच ती हिसकावून उलटी करतो आणि आतून परदेशी नोटांची पुडकी पडतात. थेटर उठून उभं राहिलं. मीही उठले, पदर खोचून टाळ्या वाजवल्या. फिलू बसूनच होती. परतताना रिक्षात म्हणाली, त्या म्हाताऱ्याची झोळी आमच्या मास्तरासारखी हाय गं. मी म्हटलं, जगात झोळ्या काय कमी आहेत. एवढं स्पष्ट सांगूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. किंवा शिरलं असेल आणि मी ते आत कुठेतरी ठेवून दिलं असेल. आज मला खात्रीने सांगता येत नाही, आणि यातलं सगळ्यात कडू तेच आहे.

कारण त्याच हिवाळ्यात आमच्या बावखलावरून रस्ता जाणार अशी बातमी आली होती. मागच्या बाजूला इमारती उभ्या राहणार, त्यांच्यासाठी रस्ता रुंद होणार, बावखलं बुजणार. विनय खूश होता. रस्ता आला की आपल्या जागेला तोंड मिळेल, आई, तो म्हणायचा. मला पानवेली दिसायच्या, पण मुलाचा चेहराही दिसायचा. आणि इनास मास्तर झोळीत कागद घालून दारोदार सह्या घेऊ लागला होता. आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, विनयला विचारून करते. मास्तर म्हणाला, बरोबर आहे, विचारूनच करावं. चहा पिऊन गेला. विनयला मी विचारलं नाही.

मग आळीचे दोन भाग झाले. रस्ता नको ते पहिल्या भागाचे आणि हवा ते दुसऱ्या भागाचे. खरं तर वाद रस्त्याचा होता, मतांचा होता, कुणाचा कुठला नेता त्याचा होता, पण बोलणं सगळं सिनेमाचं चालायचं. पहिलेवाले म्हणत, तुमचा हिरो विकला गेला. दुसरेवाले म्हणत, तुम्हाला गाव पुढे जायला नको. ग्रुप फुटला, दोन झाले. न्हाव्याकडे दोन्हीकडची माणसं एका वेळी बसेनाशी झाली. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मामाने नवरीच्या काकाला विचारलं, तुम्ही कुठल्या भागाचे, आणि ताटं तशीच राहिली. ह्यात हिंदू-ख्रिस्ती असं सरळ नव्हतं, दोन्हीकडे दोन्ही होते; तसं असतं तर निदान काय झालंय ते ओळखता तरी आलं असतं. मी दुसऱ्या भागात गेले. मुलगा तिकडे होता म्हणून, आणि तिकडे गर्दी जास्त होती म्हणूनही. जिंकणाऱ्यांत बसायची हौस मला कधी भागवता आली नव्हती. ग्रुपवर मी लिहायची, 'झोळी उलटी कर', आणि खाली पोरं हसरे चेहरे टाकायची. लवकरच ती मास्तरालाही ते म्हणू लागली. मास्तर बाजारातून जात असला की मागून कुणीतरी बारीक आवाजात, 'झोळी उलटी कर.' तो ऐकू न आल्यासारखा चालायचा. शिक्षक माणूस, आयुष्यभर पाठीमागून खुसफुस ऐकलेला. फिलूने मला एकदा कुंपणाशी विचारलं, पोरांना तू सांगशील का, तुझं ऐकतात. मी म्हटलं, अगं, सिनेमाचं वेड आहे, जाईल.

आता म्हाताऱ्याचं सांगते. आमच्याकडे वर्षअखेरीला म्हातारा जाळतात. जुनं वर्ष म्हणजे म्हातारा. जुने कपडे, आत पेंढा आणि केळीची सुकी पानं, वर कापडाचं डोकं. नाताळपासून तो आळीच्या तोंडाशी मोडक्या खुर्चीत बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पोरं खाऊला पैसे मागतात, आणि एकतीसला त्याला काडी लावतात. चाल ख्रिस्ती लोकांची, पण आमच्या आळीत तो नेहमी फिलूच्या ओट्यावर आम्ही दोघींनी मिळून बनवलेला. तिच्याकडून मास्तरचा जुना शर्ट आणि पॅंट, माझ्या वाडीतली सुकी पानं, आणि शिवण माझी, कारण माझा हात शिवणात बरा. ती पिठाचे गोड फुगे तळायची, घरची वाइन एका पेल्यात मला द्यायची, आणि मी म्हाताऱ्याचं तोंड शेवटी शिवायची. मास्तर दरवर्षी येऊन बघायचा आणि म्हणायचा, झालं माझं यंदाचं मरण. सगळे हसायचे. शर्ट त्याचा असला तरी म्हातारा कुणाचाच नसायचा. म्हणून तर हसता यायचं.

त्या वर्षी फिलूकडे पाहुणे होते. तिने कपड्यांचं गाठोडं कुंपणावरून माझ्याकडे दिलं. मला यंदा जमत नाय, नलूबाय, तूच कर, म्हणाली. आणि मी केला. एकटीने, माझ्या ओट्यावर, नाताळच्या आदल्या दिवशी. काय मन लावून केला. मला सिनेमातला झोळीवाला करायचा होता, पोरांना गंमत म्हणून. तारेचा चष्मा केला. जुन्या पडद्याची झोळी शिवली. चॉकलेटचे चकचकीत कागद नोटांएवढे कापून झोळीत भरले आणि चार बाहेर लोंबते ठेवले. छत्री हवी होती. संध्याकाळी फिलूकडे ताट घेऊन गेले, कंद-शेंगांची उकडहंडी आणि मास्तरला आवडतात म्हणून सुकेळी, आणि येताना त्यांच्या ओट्यावरची छत्री उचलून आणली. कुणाची आहे हे मला माहीत होतं. एकतीसच्या आधी परत ठेवू, एवढाच विचार. मग म्हाताऱ्याला थोडा वाकवून शिवला, कारण सिनेमातला थोडा वाकलेला होता.

सकाळी तो खुर्चीत बसवला तेव्हा पोरं आधी गप्प झाली. मला वाटलं, माझ्या कलेने गप्प झाली. मग एकजण हसला आणि सगळे हसले आणि मोबाइल निघाले. सोपाऱ्यापासून विरारपर्यंत तो फोटो फिरला म्हणतात. मी ओट्यावर उभी होते, नवी साडी नेसून, शाबासकीची वाट बघत.

चर्चमधली नाताळची मिस्सा सुटली. मास्तर आणि फिलू आळीत शिरले, त्याच्या खांद्याला झोळी. खुर्चीच्या भोवतीची पोरं बाजूला झाली. मागून कुणीतरी नेहमीसारखं बारीक आवाजात म्हणालं, 'झोळी उलटी कर.' मास्तर खुर्चीसमोर थांबला. त्याने त्या म्हाताऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, आपल्याच शर्टाकडे, आपल्याच वाकलेल्या खांद्यांकडे, लोंबणाऱ्या चकचकीत कागदांकडे. मग स्वतःच्या खांद्यावरची झोळी काढली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर उलटी केली. सह्यांचे कागद पडले. चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, जपमाळ. आणि शेवटी, पानात गुंडाळलेली, मी आदल्या संध्याकाळी दिलेली सुकेळी.

'बघून घ्या,' तो म्हणाला. शाळेत वही तपासून परत देताना म्हणायचा तशाच आवाजात. मग सगळं एकेक करून परत भरलं, जपमाळ पोरांपैकी एकाने उचलून दिली, आणि म्हाताऱ्याच्या काखेतली छत्री काढून घेतली.

'छत्री माझी आहे, ती नेतो. बाकी चालू द्या.'

तेव्हा मला दिसलं. तोपर्यंत दिसलं नव्हतं, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे. फिलूला सांगितलं, विनयला सांगितलं, आळीत ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. आता अधूनमधून माझाही बसत नाही. शिवणारणीला आपण कुणाचं माप घेतोय ते कळत नाही, हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर खदखदून हसले असते. फिलूने माझ्याकडे एकदा पाहिलं, रागाने नाही, अंगणात कुणी अनोळखी उभं असलं की बघतो तसं. आणि नवऱ्यामागे घरात गेली.

म्हातारा मी उचलून आणायला हवा होता. तेवढी शिवण उसवायला किती वेळ लागतो? पण पोरं म्हणाली, आजी, राहू द्या, फॅन्सी झालाय. आणि मी राहू दिला. एकतीसला त्याला त्या शर्टासकट जाळला, दरवर्षीपेक्षा मोठ्या गर्दीत. मी घरात दार लावून, टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते.

मास्तरने सह्या घेणं बंद केलं. कुणाशी भांडला नाही, कुणाला काही म्हणाला नाही. फक्त झोळी ओट्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आणि छत्री घेऊन चर्चला जाऊ-येऊ लागला. त्याच्यामागे ते काम धरणारा कुणी निघाला नाही. पावसाळ्याआधी डंपर आले आणि दोन दिवसांत बावखल भरून टाकलं. मी खिडकीतून बघत होते. शेवटी शेवटी बेडूक रस्त्यावर यायला लागले. रस्ता आला, आणि मोजणीत फिलूच्या नारळांबरोबर माझ्या पानवेलींची पट्टीही गेली. विनयच्या जागेला तोंड मिळालं. त्या तोंडासमोर आता दिवसभर रिक्षा उभ्या असतात. बोअरिंगचं पाणी मचूळ लागतं, आणि मोगऱ्याने एका उन्हाळ्यात मान टाकली. पहाटे कुणाचंच इंजिन फटफटत नाही. मला वार कळायला कॅलेंडर बघावं लागतं.

फिलू माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. सणाला ताट यायचं, ताट जायचं. कुणी मेलं-गेलं तर दोघी एकमेकींकडे जायचो. पण तिच्या घरी बोलतात ती त्यांची बोली, माझ्यासाठी थोडी वळवून, ती माझ्याशी बोलायची, ते थांबलं. आता ती माझ्याशी बँकेतल्या बाईशी बोलल्यासारखी बोलायची.

मग गेल्या वर्षी तिसरा भाग आला. मी एकटीच गेले. नात येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. सिनेमावाल्यांना कुठून वाऱ्याचा अंदाज आला कोण जाणे, ह्या भागात बंदर बुडतं, गावाला पाणी मिळत नाही, आणि कळतं की त्या झोळीत नोटा दुसऱ्याच कुणी घातल्या होत्या. झोळीवाला सच्चा निघतो. शेवटी वल्हेवाल्याला वाचवताना तो जीव देतो आणि वल्हेवाला त्याची झोळी स्वतःच्या खांद्याला अडकवून चालू लागतो. थेटर उठून उभं राहिलं. तीच पोरं, आता बाप झालेली, डोळे पुसत होती. आठवड्याभरात आळीत कापडी झोळ्या दिसू लागल्या, मॉलमधून विकत आणलेल्या, वर त्या म्हाताऱ्याचा चष्मा छापलेला. दोन्ही ग्रुप पुन्हा एक झाले. मला त्यात परत घेतलं.

आणि मी, काय सांगू, मी आनंदाने वेडी झाले. मला वाटलं, सुटले. सुकेळीचा डबा भरला, पदर नीट केला आणि रस्ता ओलांडून फिलूकडे गेले. कुंपण होतं तेव्हा चार पावलं पडायची. आता आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे बघा. दोघं ओट्यावर बसले होते. मास्तर आता ऐंशीच्या पुढचा, ऐकायला कमी येतं. फिलू ताटात बारीक सुकी मासळी, कोलीम, निवडत होती. झोळी खिळ्यालाच होती, तिच्यावर धूळ. मी उभ्याउभ्याच सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, मोठ्या आवाजात, मास्तरला ऐकू जावी म्हणून. नोटा दुसऱ्याने घातल्या होत्या, फिलू, तो चांगला निघाला, शेवटपर्यंत चांगला. थेटरात सगळे रडले. मीसुद्धा रडले.

मास्तरने कानामागे हात धरून सगळं ऐकलं आणि विचारलं, 'शेवटी मारतात का मला?'

मी म्हटलं, हो, मारतात, पण फार सन्मानाने.

'मग ठीक,' तो म्हणाला, आणि सुकेळीच्या डब्याकडे हात केला. मी त्याला एक पानातून सोडवून दिली. तो खात राहिला. फिलूने ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी तिच्या घरच्या सुरात बोलली.

'नलूबाय, तो चांगला हाय ते कळायला तुला तिसरा भाग लागला का गं? तू तर रोज बघायचीस त्याला, तुझ्या पान्याच्या इंजिनाची दोरी ओढताना.'